बाटलीतली कॉफी : दिवाळी-नाताळला द्यायची घरची, कमी खर्चाची भेट

सांगलीकराला परगावी पाहुण्यांकडे जाताना काय न्यायचं, हा प्रश्न सहसा पडत नाही. भडंगाचा पुडा, तासगावचा बेदाणा नाहीतर हळद घेतली की झालं. अडचण गावातल्या गावात द्यायच्या भेटींची असते. शेजारी, मुलांच्या क्लासच्या बाई, ऑफिसातले दोघंतिघं, सोसायटीचे वॉचमन काका, मिरजेतली मैत्रीण. प्रत्येकाला मिठाईचा बॉक्स द्यायचा म्हटलं तर महिन्याचा हिशोब बिघडतो, आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरी आधीच चार बॉक्स येऊन पडलेले असतात. पाचवा बॉक्स तसाच्या तसा पुढच्या घरी जातो, हे आपल्याला ठाऊक असतं, कारण आपणही तेच करतो.

म्हणून ही कॉफीच्या पाकाची बाटली. दाट, काळसर, जायफळ-वेलदोड्याच्या वासाची. दोन चमचे थंड दुधात घातले की कोल्ड कॉफी, गरम दुधात घातले की नेहमीची कॉफी, आइस्क्रीमवर ओतले तर वेगळीच मजा. एक किलो साखर आणि पाव किलोहून थोड्या कमी कॉफीत २०० मिलीच्या पाच बाटल्या भरतात आणि घरच्यांना चाखायला वाटीभर उरते. स्वयंपाक फारसा येत नसेल तरी चालेल, पण वजनकाटा लागेल. बाकी सगळं अंदाजानं केलंत तरी निभावतं, साखरेचं प्रमाण मात्र अंदाजावर सोडू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी रमचा विषय संपवू

‘घरी करायची कॉफीची भेट’ म्हटलं की अनेकांच्या डोक्यात कॉफी लिकर येतं. मेक्सिकोत १९३६ साली सुरू झालेली ‘कालुआ’ त्यातली सगळ्यांत माहितीची. रम, कॉफी आणि साखर एवढ्यावरच तिचा डोलारा उभा आहे, त्यामुळे घरी करायला सोपी वाटते, आणि करायला सोपी आहेसुद्धा. पण आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे. त्याच्या व्याख्येत दारू गाळणं एवढंच ‘उत्पादन’ नाही, तर तिचं मिश्रण करून नवं पेय तयार करणंही त्यातच मोडतं. जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. म्हणजे दहा जणांना दहा बाटल्या वाटायच्या तर आपलीही पंचाईत आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्या घेणाऱ्याचीही.

कायदा बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट उरते. बाटली ज्या घरात जाणार, तिथे आजी असते, दहावीतला मुलगा असतो, उपास-तापास करणाऱ्या काकू असतात. त्या सगळ्यांना घेता येईल अशी भेट जास्त उपयोगाची. ज्यांना त्यात आणखी काही घालायचंय, ते आपल्या घरी, आपल्या ग्लासात घालतील. ते आपण बघायला जात नाही.

सामान

कॉफी पावडर २०० ग्रॅम, साखर १ किलो, पाणी साधारण एक लिटर, पाव जायफळ, सहा-सात वेलदोडे, अर्धा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. झालं.

कॉफी घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. फिल्टर कॉफी म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या मुळाची भाजून केलेली पूड, असते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरी किती टक्के ते छापावं लागतं. चिकोरी वाईट नाही. तिनं रंग गडद येतो, डिकॉक्शन (पाण्यात उतरलेला कॉफीचा अर्क) दाट होतं आणि पावडर स्वस्त पडते. पण ४०-४५ टक्के चिकोरीची पावडर या पाकात घातली तर कॉफीपेक्षा करपट गोडच जास्त लागतं. ८०-२० किंवा ७०-३० चं मिश्रण घ्या. दुकानात समोर दळून मिळत असेल तर जरा जाडसर, बारीक रव्याएवढी दळून मागा. पिठासारखी पावडर गाळताना कापडाची छिद्रं बुजवते आणि मग तासभर एकेक थेंब मोजत बसावं लागतं.

इन्स्टंट कॉफीनं हेच काम दहा मिनिटांत होतं. १०० ग्रॅम इन्स्टंट अर्धा लिटर गरम पाण्यात विरघळवायची की डिकॉक्शन तयार, गाळायचंही नाही. चवीत फरक पडतो आणि खर्च बहुधा वाढतो, पण पहिल्यांदाच करत असाल आणि धास्ती वाटत असेल तर जरूर तसंच करा. पाकापासूनची पुढची कृती तीच.

साखर आपल्या भागात विकत आणायचीही गरज पडत नाही कित्येकांना. घरात कुणी कारखान्याचे सभासद असतील तर दिवाळीच्या तोंडावर सवलतीच्या दराची साखर आलेली असते. पोत्यातली साखर असेल तर एकदा ताटात पसरून कचरा, सुतळीचे धागे बघून घ्या, आणि ओलसर वाटली तर तासभर उन्हात ठेवून मग वजन करा. ओल्या साखरेचं वजन फसवतं.

पाणी बोअरचं नको. जड पाण्यात कॉफी मचूळ होते. नळाचं पाणी गाळून किंवा फिल्टरचं घ्या.

डिकॉक्शन

घरातला पितळी किंवा स्टीलचा कॉफी फिल्टर दोन-चार कपांचा असतो, त्यात २०० ग्रॅम पावडर मावणार नाही. त्यापेक्षा झाकणाचं पातेलं बरं.

६०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबा. खळखळत्या पाण्यात पावडर टाकली की कडू अंश जास्त उतरतो. पावडर घालून एकदा ढवळा, झाकण ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. कॉफी गॅसवर ठेवून उकळायचा मोह होईल, कारण चहाची सवय. चहा उकळून खुलतो, कॉफीचा मात्र वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. पातेल्याखाली गॅस नको.

दहा मिनिटांनी वरचं निवळ डिकॉक्शन चहाच्या गाळणीतून दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या. चोथा पातेल्यातच राहू द्या. आता आणखी ३५० मिली पाणी गरम करा. पाव जायफळ खलबत्त्यात भरड ठेचा, वेलदोडे सालासकट फोडा आणि दोन्ही स्वच्छ मलमलच्या तुकड्यात सैल पुरचुंडी बांधून त्या गरम पाण्यात सोडा. हे पाणी पुरचुंडीसकट चोथ्यावर ओता आणि पुन्हा दहा मिनिटं झाका. पहिल्या पाण्यात न उतरलेली कॉफी या दुसऱ्या पाण्यात उतरते. ही काटकसर सोडू नका, कारण या भेटीतला सगळ्यांत मोठा खर्च कॉफीचाच आहे.

जायफळ किसून थेट घालू नका. त्याची भुकटी बाटलीच्या तळाशी बसते आणि शेवटचे चार चमचे पिणाऱ्याला गुंगी आल्यासारखी चव लागते. पाव जायफळ कमी वाटेल, पण पाक मुरला की वास चढतो. व्हॅनिला आवडत असेल तर जायफळ-वेलदोडा वगळून शेवटी, पाक जरा निवल्यावर, अर्धा चमचा इसेन्स घाला. दोन्ही एकत्र मात्र नको. माझ्या मते आपल्या घरांत कॉफीला जायफळच शोभतं. कोजागिरीचं दूध नि लग्नातली पहाटेची कॉफी ज्यांनी प्यायली आहे, त्यांना झाकण उघडल्याबरोबर ओळख पटते.

दोन्ही पाणी एकत्र करून आता कापडानं गाळा. जुना धुतलेला पंचा किंवा पातळ सुती धोतराचा तुकडा उत्तम. निळीचा, साबणाचा किंवा कपाटातल्या डांबरगोळीचा वास नको. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या. कोरडं कापड पहिलं अर्धी वाटी डिकॉक्शन आपणच पिऊन टाकतं. गाळताना शेवटी पिळू नका. पिळलं की बारीक गाळ खाली उतरतो, पाक गढूळ होतो आणि जिभेवर माती लागते. गाळलेलं डिकॉक्शन अर्धा तास स्थिर ठेवा आणि तळाचा गाळ मागे ठेवून वरचं ओतून घ्या.

एकूण ९५० मिली पाणी घातलं, पण हातात ५००-५५० मिलीच येईल. घाबरू नका, बाकीचं चोथ्यानं धरलं. कॉफीचा चोथा आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी अडवून ठेवतो.

पाक, आणि वजनकाटा का

आता काट्यावर रिकामं जाड बुडाचं पातेलं ठेवा, आकडा शून्य करा आणि त्यात ५०० ग्रॅम डिकॉक्शन ओता. ५२० भरलं तरी चालेल, थोडं पाणी वाफेनं जाणारच आहे. त्यात १ किलो साखर. म्हणजे वजनानं एकास दोन. डिकॉक्शन कमी निघालं, समजा ४५० ग्रॅम, तर साखर ९०० घ्या. वाटीनं मोजू नका. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी यांचं वजन सारखं नसतं.

एवढी साखर बघून बहुतेक जण हात आखडतात. ‘एवढं गोड कोण पिणार’ म्हणून पाऊण किलोवर थांबतात. इथेच फसगत होते. या बाटलीत दुसरं कुठलंही टिकवणारं द्रव्य नाही. साखर तेच काम करते. पाकात साखर वजनानं दोन तृतीयांशाच्या आसपास असली की पाण्याचा बराचसा भाग ती धरून ठेवते आणि जंतूंना, बुरशीला वाढायला लागणारं मोकळं पाणी फार थोडं उरतं. मुरांबा वर्षभर राहतो तो याच हिशोबावर. साखर कमी घातलेलं सरबत चार दिवसांत फसफसतं, तेही याच कारणानं. कमी गोड हवं असेल तर पिणाऱ्यानं दुधात एक चमचा कमी घालावा. बाटलीतली साखर कमी करायची नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. साध्या तापमानाला पाणी साधारण एवढीच साखर विरघळलेली धरू शकतं. आपण पाक आटवत आटवत एकतारीपर्यंत नेला, जसा लाडवाला नेतो, तर थंड झाल्यावर जास्तीची साखर बाटलीच्या बुडाशी खडे धरून बसते. लाडवाचा पाक जमणाऱ्या हातांना उलट इथे जपावं लागतं, कारण तार बघितल्याशिवाय गॅस बंद करायला मन घेत नाही.

तर मंद आच, लाकडी उलथनं किंवा लांब दांड्याचा चमचा, आणि साखर विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. विरघळली की ढवळणं थांबवा. पातेल्याच्या कडेला साखरेचे कण चिकटले असतील तर ओल्या चमच्यानं खाली ढकला, नाहीतर तेच पुढे खड्यांचं बी होतात. लिंबाचा रस आणि मीठ घाला. अर्ध्या चमच्यानं कॉफी आंबट होत नाही. आच आणि आंबटपणा यांनी साखरेचा थोडा भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि हे दोघं मिसळले की उरलेल्या साखरेला खडे धरणं अवघड जातं. कडेनं पहिली उकळी दिसली की दोन मिनिटं थांबा आणि गॅस बंद करा. याहून जास्त नको, कॉफीचा वास जपायचाय.

एक सवय इथे मोडावी लागते. गुलाबजामच्या पाकात मळी काढायला आपण चमचाभर दूध टाकतो. या पाकात दुधाचा थेंबही जाऊ देऊ नका. गडद रंगात मळी दिसतही नाही, आणि दुधाचा अंश राहिला तर बाटली लवकर नासते. वर फेस आला तर चमच्यानं काढा, बास.

पाक झाला का ते बघायला बशीत चमचाभर टाका, गार होऊ द्या आणि बशी तिरकी करा. संथ ओघळला पाहिजे, पाण्यासारखा धावता कामा नये. दोन बोटांत धरून तार येत असेल तर जास्त आटला. मग पन्नास मिली उकळतं पाणी घालून पुन्हा एक उकळी द्या.

आणखी एक, हे चकली-कडबोळ्यांच्या दिवशी करू नका. तळणीचा वास कॉफी पटकन ओढून घेते. फराळाला हात लावायच्या आधीचा आठवडा धरा. चार-पाच दिवस मुरायलाही मिळतात.

बाटल्या

काटकसर म्हणून जुन्या काचेच्या बाटल्या वापरायला काहीच हरकत नाही. सॉसच्या, सरबताच्या, मधाच्या चालतात. लोणच्याची बाटली कितीही धुतली तरी झाकणाला हिंग-मोहरीचा वास राहतो, ती नको. औषधाच्या बाटल्या मुळीच नकोत. भंगारवाल्याकडे सगळ्यांत स्वस्त आणि एकसारख्या मिळतात त्या चपट्या, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरच्या. त्यांचा मोह टाळा. आत निव्वळ कॉफी असली तरी तो आकार आणि तो तांबूस-काळा रंग, आणि तुम्ही ती क्लासच्या बाईंच्या हातात देताय! नवीन २०० मिलीच्या बाटल्या घाऊक दुकानात डझनानं घेतल्या तर परवडतात. चार मैत्रिणींनी मिळून घ्याव्यात.

जुनी बाटली असली तरी झाकण नवं घ्या. आतली रबराची किंवा प्लास्टिकची चकती एकदा वापरली की तिच्या कडेला घाण राहते आणि ती नीट बसत नाही.

बाटल्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात घासून धुवा. मग मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घालून त्यावर बाटल्या ठेवा, बुडतील इतकं साधं पाणी ओता आणि नंतर गॅस लावा. उकळत्या पाण्यात थंड बाटली सोडली तर तडकते. उकळी आल्यावर दहा मिनिटं उकळा, सांडशीनं बाहेर काढा, स्वच्छ फडक्यावर उपड्या घाला. झाकणं शेवटची दोन मिनिटं टाकली तरी पुरे.

पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय भरू नका. आत राहिलेलं थेंबभर पाणी पाकावर तरंगतं, तिथे वरच्या थरात साखर पातळ होते, आणि बुरशी नेमकी तिथूनच धरते. इतकं वजन करून मिळवलेलं प्रमाण एका थेंबानं वाया जातं.

बाटली कोमट असताना पाक गरम गरमच भरा, एक बोट जागा सोडा, झाकण घट्ट लावा आणि फडक्यात धरून दोन मिनिटं उलटी करून ठेवा. गरम पाक झाकणाच्या आतल्या बाजूला लागतो आणि तीही निर्जंतुक होते. नरसाळ्याशिवाय भरायला जाऊ नका. बाहेरून ओघळलेला पाक गार झाल्यावर मुंग्यांना लांबून आमंत्रण देतो. भरून झालं की ओल्या फडक्यानं बाटली पुसा, विशेषतः झाकणाखालचे आटे.

गुळाचं काय?

आपल्या मार्केट यार्डात गुळाचा एवढा मोठा व्यापार, मग साखरच का, असं कुणीतरी विचारणारच. गुळाचा पाक चवीला सुरेखच होतो, पण दोन अडचणी आहेत. गुळात ओलावा आणि इतर अंश असतात, तेही प्रत्येक ढेपेत वेगळे, त्यामुळे टिकण्याचं प्रमाण बांधता येत नाही. दुसरं, गूळ घातलेलं गरम दूध फाटतं. तुम्ही दिलेली बाटली काकूंनी उकळत्या दुधात ओतली आणि दूध फाटलं, तर दोष तुमच्या माथी. गुळाची बाटली करायचीच असेल तर कोरी कॉफी पिणाऱ्यांसाठी एखादीच करा, ती फ्रिजमध्येच ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवायला सांगा.

किती पडलं

भाव रोज बदलतात, म्हणून पद्धत सांगते, आकडे तुमच्या दुकानातले घाला. समजा साखर ४५ रुपये किलो आणि २०० ग्रॅम कॉफी १६० रुपयांना मिळाली. जायफळ, वेलदोडे, लिंबू मिळून १५. झाले २२०. पाच बाटल्या, म्हणजे आतला माल बाटलीमागे ४४ रुपये. नवी बाटली घेतली तर तिचे वेगळे. कॉफीचा भाव वाढला तर सगळा हिशोब तिकडेच सरकतो, साखरेचा फारसा फरक पडत नाही. एकदम दहा बाटल्यांचा घाट पहिल्यांदाच घालू नका. अर्ध्या प्रमाणात करून घरात चाखा, जायफळ किती हवं ते ठरवा, मग मोठं पातेलं काढा.

कुणाला द्यायची, कुणाला नाही

मधुमेह असलेल्या घरी ही बाटली नेऊ नका. ‘थोडीशी घ्या, काही होत नाही’ म्हणत द्यायची ही वस्तू नव्हे, दोन मोठ्या चमच्यांत साखर २५ ग्रॅमच्या वर जाते. त्यांच्यासाठी त्याच खर्चात कॉफी पावडरमध्ये वेलदोडा-जायफळाची बारीक पूड मिसळून छोटी बरणी भरा. साखर त्यांची ते ठरवतील. अगदी लहान मुलं असलेल्या घरी चिठ्ठीत ‘ही कॉफी आहे’ हे ठळक लिहा. चॉकलेट सरबत समजून रात्री नऊ वाजता पाजलं, तर त्या घरात बारापर्यंत कुणी झोपत नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं. तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे डिसेंबरात केक आणि करंज्या एकाच ताटात येतात. केकबरोबर ही बाटली चांगली जमते. साध्या रव्याच्या केकवर दोन चमचे पाक गरम असतानाच शिंपडला तर केक ओलसर राहतो. नाताळसाठी करत असाल तर डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा. दिवाळीची उरलेली बाटली पुढे ढकलू नका.

टिकणं आणि बिघडणं

न उघडलेली बाटली गॅसपासून लांब, कपाटात सावलीला ठेवली तर तीन-चार आठवडे सुखात राहते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. त्यानंतर नासेलच असं नाही, पण कॉफीचा वास उतरतो आणि उरतं ते नुसतं काळं गोड. ओला चमचा बाटलीत कधीच घालायचा नाही, ओतूनच घ्यायचं.

बुडाशी थोडा गाळ दिसला तर तो कॉफीचा आहे, हलवून घ्या. खडे धरले असतील तर उघडी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा, विरघळतात. पण बुडबुडे येत असतील, झाकण उघडताना फस्स आवाज झाला, आंबूस वास आला किंवा वर पांढरट साय दिसली, तर चाखून बघायच्या भानगडीत न पडता सगळी मोरीत ओता. वरचा थर काढून उरलेलं वापरायची आपली लोणच्याची युक्ती इथे चालत नाही.

एसटीनं परगावी न्यायची असेल तर झाकणावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून रबर लावा, बाटली जुन्या पेपरात गुंडाळा आणि भडंगाच्या दोन पुड्यांच्या मधे उभी ठेवा. भडंग काही प्रमाणात चुरडेल, पण बाटली शाबूत पोचेल. आडवी कधीच ठेवू नका.

चिठ्ठी

बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून त्यात जाड कागदाची चिठ्ठी अडकवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी झकास. चिठ्ठी नसेल तर बाटली शोभेला ठेवली जाते, कारण घेणाऱ्याला याचं काय करायचं ते कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. एवढं लिहा :

‘घरची कॉफी. केली त्या दिवसाची तारीख. थंड दुधाच्या ग्लासाला (२०० मिली) दोन मोठे चमचे, गरम दुधाच्या कपाला दीड. वेगळी साखर घालू नये. कॉफी, चिकोरी, साखर, जायफळ, वेलदोडा, लिंबू, मीठ. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी, दीड महिन्यात संपवावी. रिकामी बाटली धुऊन परत दिल्यास पुढच्या सणाला भरून मिळेल.’

शेवटचं वाक्य नक्की लिहा. निम्म्या बाटल्या तरी परत येतात, आणि नव्या बाटल्यांचा खर्च पुढच्या वर्षी तेवढा वाचतो.